पंचाहत्तर वर्षांची वाटचाल : वेल्लोरचा मेंदूविकार विभाग आणि मुलांचा अपस्मार

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांसाठी स्वतंत्र विभाग १९४९ साली उघडला. २०२४ मध्ये त्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहायचे तर मेंदूतल्या गाठी, अपघात, मणक्याचे विकार, पक्षाघात असे कितीतरी विषय समोर येतात. या लेखात त्यांपैकी एकच धागा धरला आहे : लहान मुलांना येणाऱ्या फिट्स, आणि कवटी न उघडता आत पाहण्याची साधने. विभागाचे सर्वांत दूरवर पोचलेले काम याच धाग्यावर झाले आहे, असे आमचे मत आहे.

पूर्वपीठिका

मराठी वाचकाला मिरजेचे वानलेस रुग्णालय ठाऊक असते. वेल्लोरची संस्था साधारण त्याच काळातली आणि त्याच मिशनरी परंपरेतली. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेचा दवाखाना सुरू केला. १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा निघाली आणि १९४७ पासून मुलांनाही प्रवेश मिळू लागला. पुढच्या दोनच वर्षांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग निघाला. त्या काळी हे धाडसच होते. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरकडे नेण्याआधी मांत्रिकाकडे नेणारा तो समाज. कांदा नाहीतर चप्पल हुंगवणे हा घराघरातला प्रथमोपचार. आजही तो पूर्णपणे गेलेला नाही, हे इथेच नोंदवून ठेवू.

१९४९ ते १९६० : पायाभरणी

विभागाचे संस्थापक डॉ. जेकब चंडी मूळचे केरळच्या कोट्टायमचे, जन्म १९१०. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकले, बहरीनच्या मिशन रुग्णालयात नोकरी केली आणि तिथून पुढच्या शिक्षणासाठी अमेरिका खंडात गेले. कॅनडातल्या माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये वाइल्डर पेनफील्ड यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी ही संस्था तेव्हा जगात नावाजलेली होती. पेनफील्ड रुग्णाला पूर्ण भूल देत नसत. फक्त टाळू बधिर करत आणि उघड्या मेंदूवर सौम्य विद्युतस्पर्श करून त्याच्याशी बोलत राहत. हात हलला, मुंग्या आल्या, बोलणे अडखळले, की त्या त्या जागेवर चिठ्ठी ठेवली जाई. असा नकाशा तयार झाला की फिटचे उगमस्थान काढायचे आणि वाचेचा भाग सांभाळायचा. माँट्रियलनंतर चंडी शिकागोला थिओडोर रासमुसेन यांच्याकडे होते. रासमुसेन हे नाव या लेखात पुढे पुन्हा येणार आहे.

अशी तयारी असलेला माणूस परदेशात सहज स्थिरावला असता. चंडी वेल्लोरला आले. पन्नाशीच्या सुरुवातीला न्यूरॉलॉजिस्ट डॉ. बलदेव सिंग त्यांना येऊन मिळाले. एक शस्त्र चालवणारा आणि एक औषध देणारा, अशी ही जोडी. दोन्ही शाखा एकाच छपराखाली ठेवायच्या हे सुरुवातीलाच ठरले, आणि अपस्माराच्या रुग्णाला याचा फार फायदा झाला. कारण शस्त्रक्रिया करायची की नाही हा प्रश्न एकट्या सर्जनने सोडवायचा नसतो. १९५१ साली मद्रासला न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना झाली. तिच्या चार संस्थापकांत बी. राममूर्ती आणि एस. टी. नरसिंहन यांच्याबरोबर चंडी आणि बलदेव सिंग होते. चौघांत दोघे वेल्लोरचे!

ऑगस्ट १९५२ मध्ये चंडी यांनी वेल्लोरला अपस्मारासाठी शस्त्रक्रिया केली. भारतातली ही पहिली मानली जाते. रुग्ण एकोणीस वर्षांचा होता. शरीराची उजवी बाजू अगदी लहानपणीच लुळी पडलेली. म्हणजे वयाने तरुण असला तरी दुखणे बालपणीचे होते.

तेव्हा मेंदूचे चित्र मिळायचे तरी कसे? साध्या एक्स-रेत कवटीचे हाड दिसते, मेंदू दिसत नाही. म्हणून कमरेतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचे पाणी थोडे थोडे काढायचे आणि तेवढीच हवा आत सोडायची. ती हवा वर चढून मेंदूच्या पोकळ्यांत जाई आणि एक्स-रेवर काळी उमटे. पोकळी एका बाजूला सरकलेली दिसली की तिच्या शेजारी काहीतरी आहे, असा अंदाज बांधायचा. तपासणीनंतर डोके असह्य दुखे, उलट्या होत, मूल दिवसभर मान उचलत नसे. एवढे सोसूनही तांदळाच्या दाण्याएवढी गाठ त्यात दिसण्याची आशा नव्हतीच. त्या पिढीतल्या डॉक्टरांनी आठ-दहा वर्षांच्या मुलांवर ही तपासणी केली ती नाइलाज म्हणून.

१९६० आणि १९७० ची दशके

न्यूरोसर्जरीचे पद्धतशीर प्रशिक्षण वेल्लोरला १९५८ साली सुरू झाले. देशातला तो पहिला अभ्यासक्रम मानतात. त्यातून तयार झालेले विद्यार्थी गावोगावी पांगले. चंडी यांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १९७० मध्ये ते निवृत्त झाले. के. व्ही. मथाई, जेकब अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धुरा पुढे वाहिली.

या काळातली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. डॉ. विमल बच्छावत यांनी विभागातच न्यूरोकेमिस्ट्रीची प्रयोगशाळा उभी केली. रुग्णालयाच्या विभागात मागच्या भिंतीला लागून जीवरसायनशास्त्रज्ञ काम करतो आहे, हे दृश्य आपल्या देशात तेव्हा विरळा होते. मुलांचा मेंदू झिजवणाऱ्या काही आनुवंशिक विकारांत कोणते एन्झाइम कमी पडते, याचा शोध तिथे चालला. १९६२ साली बच्छावतांना भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे ते कोलकात्याला गेले.

महाराष्ट्राशी थेट नातेही याच परंपरेतले. वेल्लोरच्या न्यूरॉलॉजी विभागात काम केलेले डॉ. जी. एम. टावरी नंतर नागपूरला आले आणि तिथे त्यांनी सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस ही संस्था उभारली. विदर्भातल्या मेंदूविकाराच्या असंख्य रुग्णांना वेल्लोर असे घराजवळ मिळाले.

अपस्माराच्या शस्त्रक्रिया मात्र या काळात देशभरच मागे पडल्या. नव्या गोळ्या आल्या होत्या, आणि नेमकी जागा दाखवणारे साधन हातात नव्हते. ही पीछेहाट कुणाच्या दोषाने झाली असे म्हणता येणार नाही.  

१९८० चे दशक : ठिपक्याचा उलगडा

इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे आडवे छेद दाखवले, आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आपल्याकडे ही यंत्रे ऐंशीच्या दशकात पसरू लागली आणि एक कोडे घेऊन आली.

समजा, दहा वर्षांचा चांगला खेळता मुलगा आहे. ताप नाही, डोकेदुखी नाही. एके सकाळी त्याचा उजवा हात थरथरू लागतो, तोंड वाकडे होते, दोन मिनिटांत सगळे थांबते. तपासायला आणला तोवर तो पूर्ववत. सीटी काढला, शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध दिले, तर मेंदूच्या पृष्ठभागाजवळ एक लहानसे पांढरे कडे किंवा ठिपका चमकतो, आणि भोवती सुजेची काळपट सावली. आकार दोन सेंटिमीटरपेक्षा कमी. अशी चित्रे एकट्या वेल्लोरला दिसत होती असे नाही, सगळ्या देशात दिसू लागली. पुण्यातील डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांचे सहकारी मखले, केळकर व ग्रँट यांनी १९८७ साली ब्रिटिश नियतकालिकात या कड्या-ठिपक्यांवर लेख लिहिला. या विषयावरच्या सुरुवातीच्या भारतीय लेखांत त्याचा उल्लेख आवर्जून होतो.

हा ठिपका म्हणजे काय? बहुतेकांचे उत्तर तयार होते : क्षयाची गाठ. देश क्षयाचा, तेव्हा शंका रास्तच. मग मुलाला क्षयाची तीन-चार औषधे सुरू होत, तीही वर्ष-वर्षभर. लघवी नारिंगी होई, भूक मरे, कुणाला कावीळ होई. वर घरात क्षय आहे अशी कुजबुज. मुलगी असेल तर आईच्या डोळ्यांपुढे तिचे लग्न उभे राही. काही महिन्यांनी पुन्हा सीटी काढला की ठिपका नाहीसा झालेला असे. औषध लागू पडले, निदान बरोबर होते, असा सगळ्यांचा समज होई.

पण तर्कात एक भोक होते. ज्यांनी क्षयाची औषधे घेतलीच नाहीत, फक्त फिटच्या गोळ्या घेतल्या, त्यांचाही ठिपका विरून जात होता. देशातल्या अनेक डॉक्टरांच्या हे लक्षात आले, पण पुरावा कुणाकडे नव्हता. पुरावा हवा तर ठिपक्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली आणायला हवा. आणि एवढ्याशा गाठीसाठी मेंदू उघडायचा म्हणजे जोखीम.

वेल्लोरला हे जमले, कारण तिथे सर्जन, न्यूरॉलॉजिस्ट, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट रोज एकमेकांसमोर बसत होते. डॉ. मॅथ्यू चंडी आणि डॉ. वेदांतम राजशेखर यांच्या गटाने निवडक रुग्णांत सीटीच्या मदतीने अचूक जागा ठरवून तो ठिपका काढला किंवा त्याचा तुकडा घेतला. पॅथॉलॉजीच्या काचपट्टीवर जे दिसले ते क्षयाचे नव्हते. ते सिस्टिसर्कसचे, म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीच्या अळीचे, मरू घातलेले अवशेष होते. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि १९९१ मध्ये सविस्तर लेख आला.

वाचकांच्या मनात येणारा प्रश्न इथेच घेऊ : आम्ही तर शाकाहारी, आमच्या मुलाला डुकराचा जंत कसा? अर्धवट शिजलेले डुकराचे मांस खाल्ले तर पोटात पट्टकृमी होतो, हे खरे. मेंदूत अळी जाते ती मात्र कृमीची अंडी पोटात गेल्याने. ही अंडी पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरचा शौच, सांडपाण्यावर वाढवलेली भाजी, न धुतलेले हात, एवढे पुरते. तेव्हा घरात मांस शिजत नाही म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. अळी मेंदूत वर्षानुवर्षे गुपचूप राहते. ती मरायला लागली की शरीराची संरक्षक यंत्रणा तिच्यावर तुटून पडते, सूज येते आणि फिट येते. म्हणजे सीटीवर चमकणारा ठिपका हा बहुधा सरत आलेल्या लढाईचा असतो. तो आपोआप विरतो ते याच कारणाने.

१९९० चे दशक : शस्त्र खाली ठेवताना

पुढचा प्रश्न व्यवहारातला होता. प्रत्येक मुलाचा मेंदू उघडून खात्री करत बसायचे काय? तसे करणे चूकच ठरले असते. राजशेखर आणि मॅथ्यू चंडी यांनी निकष बसवले. रुग्णाची सुरुवात फिटने झालेली असावी. डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणे नसावीत, वाढत जाणारा लुळेपणा नसावा, शरीरात इतरत्र क्षयासारखा सक्रिय रोग नसावा. सीटीवर एकच चमकणारा ठिपका असावा, वीस मिलिमीटरपर्यंतचा, आणि सुजेने मेंदू मधल्या रेषेपलीकडे ढकललेला नसावा. हे सगळे जुळले तर ठिपका सिस्टिसर्कसचा धरायचा, फिटचे औषध द्यायचे, क्षयाचे द्यायचे नाही, सुरीही लावायची नाही, आणि काही आठवड्यांनी सीटी पुन्हा काढायचा. ठिपका लहान होत असेल तर निदान बरोबर. वाढत असेल तर वाट बदलायची. १९९७ मध्ये मोठ्या रुग्णगटावर हे निकष पडताळून पाहिले, तेव्हा ते क्वचितच चुकले.

मेंदूच्या सर्जनांच्या विभागाने जगाला दिलेली सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती, तर कुठे शस्त्रक्रिया करू नये याचे नियम. सर्जनला टाळ्या मिळतात त्या केलेल्या शस्त्रक्रियांसाठी, टाळलेल्या शस्त्रक्रियांची मोजदाद कुणी ठेवत नाही. आमच्या मते विभागाच्या इतिहासात पहिले स्थान याच कामाला द्यायला हवे, १९५२ च्या शस्त्रक्रियेलाही नाही.

अळी मारण्यासाठी अल्बेंडाझोल द्यावे का, यावर देशभर वाद झाला. दिल्लीच्या अभ्यासात फायदा दिसला नाही. चंडीगडच्या पीजीआयमधल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९८ मध्ये मुलांवर केलेल्या चाचणीत ठिपके लवकर विरलेले दिसले. वेल्लोरचा कल धीराकडे होता : अळी मरतेच आहे, तर घाई कशाला? आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना अल्बेंडाझोल आणि सोबत स्टेरॉइड देण्याच्या बाजूने आहेत. तिथवर पोचायला या वादाचाच उपयोग झाला.

दशक संपता संपता, १९९९ साली, विवाह कायद्यांत दुरुस्ती होऊन अपस्मार हे विवाह रद्द करण्याचे कारण राहिले नाही. हे श्रेय विभागाचे नव्हे, देशभरच्या संघटनांचे. पण ठिपका बरा होतो आणि फिट्स थांबतात हे आईवडिलांना सांगताना या कायद्याचा मोठा आधार झाला.

२००० चे दशक : गावात, आणि पुन्हा शस्त्रक्रियागृहात

रुग्णालयात येणारा रुग्ण पाहून रोगाचा पसारा कळत नाही. राजशेखर, अॅना उम्मन, जयप्रकाश मुलियिल आणि सहकाऱ्यांनी वेल्लोर जिल्ह्यात दारोदार जाऊन सुमारे पन्नास हजार लोकांची पाहणी केली. हजारी चारच्या आसपास लोकांना सक्रिय अपस्मार आढळला. त्यांचे सीटी आणि रक्ततपासण्या झाल्यावर दिसले की जवळपास एक तृतीयांश लोकांत कारण हीच अळी असावी. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. विचार केला तर आकडा भयंकर आहे आणि दिलासा देणाराही : एक तृतीयांश अपस्मार संडास, साबण आणि स्वच्छ पाणी यांनी टळू शकला असता.

औषध कधी थांबवायचे, हा पालकांचा हमखास प्रश्न. वेल्लोरच्या पाठपुराव्यातून उत्तर मिळाले. ठिपका पूर्ण विरला असेल तर बहुतेक मुलांच्या गोळ्या लवकर बंद करता येतात. जागेवर चुन्याचा खडा उरला असेल, किंवा सुरुवातीला बऱ्याच फिट्स आल्या असतील, तर जपून. अर्थात हा निर्णय डॉक्टरचा. पालकांनी परस्पर गोळी बंद करणे हे आजही फिट परत येण्याचे एक मोठे कारण आहे.

इकडे अपस्माराची शस्त्रक्रियाही देशात परत उभी राहिली. १९९५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने आणि दिल्लीच्या एम्सने तिला नवे बळ दिले, आणि वेल्लोरही मागे राहिले नाही. आता एमआरआय हाताशी होता. हवा भरून पोकळी सरकली का ते पाहण्याचे दिवस गेले. मेंदूच्या सालीची जन्मजात चुकलेली घडण किंवा आकसलेला हिप्पोकॅम्पस पडद्यावर दिसू लागला. मुलांना होणारा रासमुसेन एन्सेफलायटिस हा मेंदूचा एकच अर्धगोल कुरतडणारा आजार आहे. थिओडोर रासमुसेन यांनी १९५८ साली त्याचे वर्णन केले होते. त्यात फिट्स औषधांना दाद देत नाहीत. अशा वेळी आजारी अर्धगोल न काढता त्याचे उरलेल्या मेंदूशी असलेले सगळे दुवे तोडायचे, ही शस्त्रक्रिया वेल्लोरच्या सर्जनांनी मुलांवर केली. जेकब चंडी ज्यांच्याकडे शिकले त्यांच्याच नावाचा आजार, आणि त्यावर चंडींच्याच विभागात उपचार. योगायोग खरा, पण गुरुपरंपरा अशीही चालते.

२०१० नंतर

अलीकडचा काळ थोडक्यात सांगतो, कारण तो अजून घडतो आहे. व्हिडिओ-ईईजी (चित्रणासह मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद), तीन टेस्लाचा एमआरआय आणि पेट स्कॅन एकत्र ठेवून मुलाची केस चर्चेला घेतली जाते. संस्थेचे राणीपेठजवळचे नवे संकुल २०२२ मध्ये सुरू झाले. बंगाल, झारखंड, ईशान्य भारत, बांगलादेश इथून येणाऱ्या कुटुंबांची रीघ तशीच आहे.

ईईजीच्या खोलीबाहेर सकाळी थोडे थांबले तर या कामाची कल्पना येते. मुलाला रात्री उशिरापर्यंत जागवायचे, म्हणजे तपासणीच्या वेळी झोप लागेल, अशी सूचना असते. त्यामुळे आईचे डोळे मुलापेक्षा तांबारलेले. मुलाने डुलकी घेऊ नये म्हणून बाप त्याला व्हरांड्यात फिरवतो आहे. झोप येतच नसेल तर ट्रायक्लोफॉसचे सिरप. मग तंत्रज्ञ केसांत भांग पाडत पाडत पेस्ट लावून एकेक तार चिकटवते, आणि मुलाला कळायच्या आत वीसेक तारा लागलेल्या असतात. संशोधनाच्या लेखांवर या तंत्रज्ञांची, परिचारिकांची, दारोदार फिरलेल्या कार्यकर्त्यांची नावे नसतात. त्यांच्याशिवाय वर सांगितलेल्यातले काहीही घडले नसते. 

शेवटी वाचकांना विनंती. घरात, वर्गात, रस्त्यावर एखाद्या मुलाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा आणि कपडे सैल करा. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल आणायला धावू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठा. जवळ दुसरे कुणी असेल तर त्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगा आणि ते डॉक्टरांना दाखवा. फिट कुठून सुरू झाली हे त्यातून अनेकदा स्कॅनच्याही आधी कळते.